डबा-पाणी धरून शंभर किलो

टेलरकाकूंना माणसं आधी मापाने कळायची आणि मग स्वभावाने. गल्लीतल्या कुणाचंही नाव काढा, त्यांना पहिल्यांदा त्याची कंबर आठवे, मग खांदे, आणि तोंडावळा आठवलाच तर शेवटी. बेचाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचं दुसरं काय होणार? मुलाने लग्न ठरवलं आणि मुलीला घरी आणलं, तेव्हाही काकूंनी तिला डोळ्यांनीच मापून घेतलं. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी, खांदे पैलवानाला शोभतील असे, आणि दाराबाहेर काढलेल्या तिच्या बुटांशेजारी मुलाचे बूट शाळकरी वाटत होते.

"आई, ही टॉवर क्रेन चालवते," मुलगा म्हणाला. तो स्वतः बस चालवायचा, पण हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता की जणू क्रेन त्यानेच विकत घेतली होती.

"म्हणजे त्या उंच खांबावर जाऊन बसतेस?" काकूंनी मुलीला विचारलं.

"हो."

"आणि पडलीस तर?"

"पडायचं नाही, असं ठरलेलं आहे," मुलगी म्हणाली.

काकूंना उत्तर आवडलं. शब्दाला शब्द देणारी सून एक वेळ चालेल, पण रडूबाई नको, हे त्यांचं जुनं मत. तेव्हापासून दोघींचं जे जमलं, ते बघून मुलगाच अधूनमधून पाहुण्यासारखा वागायला लागला.

सुनेचं काम शहराच्या कडेला चाललेल्या एका मोठ्या दवाखान्याच्या इमारतीवर होतं. पंचेचाळीस मीटर उंच क्रेन, वर जायला सरळ उभी लोखंडी शिडी, आणि टोकाला काचेची एक खोली, तीही आपल्या मोरीएवढी. सकाळी सातला चढायचं, दुपारी जेवायला उतरायचं. साइटवर तिला सगळे 'वरची बाई' म्हणत. लोखंडी सळ्यांचा दोन टनांचा गठ्ठा ती अशा हाताने ठेवायची की खाली उभ्या असलेल्या गवंड्याच्या चहावर तरंगसुद्धा उठत नसे, असं तो गवंडीच काकूंना सांगून गेला होता. बायकांच्या मापात तिला कामाची पँट मिळायची नाही आणि पुरुषांच्या मापात बसायची नाही, म्हणून काकू स्वतः जाड कापडाच्या पँटी शिवून देत. पुढेमागे लागेल म्हणून कमरेला आणि मागच्या शिलाईत दोन इंच कापड आत सोडून ठेवत. चांगला शिंपी कापड कापताना उद्याचाही विचार करतो, असं त्या म्हणायच्या.

मग दिवस राहिले. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी शिडी बंद केली, आणि यथावकाश मुलगी झाली. एवढ्या थोरल्या आईला एवढंसं लेकरू बघून काकूंनी तिचं नाव ठेवलं बटण. पाळण्यातलं नाव दुसरं होतं, ते कागदावरच राहिलं.

दोन महिने घरात काकूंचं राज्य होतं. बाळंतिणीने दोघींचं खावं या तत्त्वावर त्यांनी सुनेला असं खाऊ घातलं की विचारू नका. सूनही खायची, कारण दर दोन तासांनी बटण तोंड उघडायचं आणि पोट भरल्याशिवाय मिटायचं नाही. सगळं सुखाने चाललं होतं, तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. बाळ सहा महिन्यांचं होईल त्या सोमवारी कामावर हजर व्हावं, त्याच दिवशी शिडीवर चढण्याआधी वजनाची तपासणी होईल. खाली नियम छापला होता: शिडीवरून पडण्यापासून वाचवणारा जो पट्टा असतो, त्याला शंभर किलोची मर्यादा आहे, माणूस आणि त्याच्याबरोबरचं सामान धरून.

सुनेने मुलाने आणलेला वजनकाटा पलंगाखालून ओढला आणि त्यावर उभी राहिली. एकशे एक. कामाचे बूट, हेल्मेट, पट्टा, वॉकीटॉकी, पाण्याची मोठी बाटली आणि डबा मिळून आठ किलो होतात, हे तिला पाठ होतं.

"ब्याण्णव हवं," ती म्हणाली. "नऊ किलो. सोळा आठवडे."

"होईल की हळूहळू," काकू म्हणाल्या.

"हळूहळू नाही चालणार, आई. बदली माणूस बसलाय माझ्या जागेवर. मी चढले नाही तर तोच कायमचा बसेल. क्रेनवरच्या बाईला खाली आणायला लोकांना निमित्तच हवं असतं. नऊ वर्षं लागली मला तिथे चढायला."

हे खरं होतं. पहिली तीन वर्षं तिला नुसतं सामान मोजायला ठेवलं होतं, हे काकूंना मुलाने सांगितलं होतं. म्हणून त्या गप्प बसल्या, आणि नंतर त्यांना वाटलं की तेव्हाच चार शब्द बोलायला हवे होते.

कारण सूनबाईंनी जेवण सोडलं. उघडपणे नव्हे. काकू ताट वाढत, सून ते घेऊन खिडकीपाशी बसे, आणि थोड्या वेळाने ताट रिकामं होई. काकूंना बरं वाटे. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काकू, तुमच्याकडे जेवण उरतं का हो हल्ली? आमच्या कुत्र्याची चंगळ झालीय." काकू वर आल्या त्या तरातरा, पण सून बटणाला पाजत बसली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसत होती. काकूंचा राग दारातच सांडला. त्या फक्त म्हणाल्या, "कुत्र्याला खाऊ घालायचं तर मला सांग, त्याला वेगळं शिजवते."

सून हसली, पण ऐकलं नाही. दिवसातून सहा वेळा काट्यावर उभी राहायची. बटण चिडचिड करायला लागलं. पीत असताना मध्येच सोडून रडायचं, परत धरायचं, परत रडायचं. पंधरवड्याने दवाखान्यात बाळाचं वजन करायला नेलं, तर काटा जेमतेम नव्वद ग्रॅम पुढे सरकला होता.

तिथली नर्सबाई म्हणजे बुटकी, करड्या केसांची, आणि बोलायला लागली की समोरच्याची भीड ठेवायची नाही अशी. तिने आकडा पाहिला, मग आईकडे पाहिलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"आणि काल?"

"एक सफरचंद. आणि रात्री सूप."

"मग दूध कुठून येणार? नळातून?"

सून मान खाली घालून बसली. एवढी उंच बाई त्या लहानशा स्टुलावर अशी दुमडून बसलेली काकूंना बघवेना. सुनेने पत्राची सगळी हकिकत सांगितली. नर्सबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला.

"वजन उतरवू नको असं मी म्हणतच नाही. उतरव. बाळ दोन महिन्यांचं झालंय, दूध बसलंय, आता हरकत नाही. पण आठवड्याला अर्धा किलो. त्याहून घाई केलीस तर आधी तुझी ताकद जाईल, मग दूध आटेल, आणि त्या शिडीवर तुला चक्कर येईल ती वेगळीच. तिन्ही वेळा नीट जेव. डाळ, अंडी, भाजी, दही, फळ. मध्ये भूक लागली तर मूठभर दाणे खा. बिस्किटं आणि गोड सरबतं बंद, ती तुझ्यासाठी नाहीत आणि बाळासाठीही नाहीत. पाजायला बसलीस की पाण्याचा तांब्या जवळ हवा. आणि चाल. गाडीत बाळ घाल आणि चालत सूट."

मग त्या काकूंकडे वळल्या. "आणि तुम्ही. दोघींचं खायचं म्हणून दुप्पट वाढत असाल. बाळ कितीसं आहे बघा तरी. एका माणसाचं जेवण आणि वर थोडं, बस्स."

काकूंना हे लागलं, पण बाई खोटं बोलत नव्हती.

"आठवड्याला अर्धा म्हणजे सोळा आठवड्यांत आठ," सून हळूच म्हणाली. "आणि त्यातले दोन आठवडे गेलेच."

"ते तुझं तू बघ. मी बाळाची नर्स आहे, क्रेनची नाही. आणि तो घरातला काटा माळ्यावर टाक. दिवसाला सहादा त्यावर चढून डोक्याचं भुसकट होतं. आठवड्यातून एकदा कामाची पँट घालून बघ. पँट खोटं बोलत नाही."

पँट खोटं बोलत नाही! हे वाक्य कुणासमोर बोलतोय, याचा नर्सबाईंना पत्ता नव्हता.

सुनेने काटा माळ्यावर टाकला आणि त्या शुक्रवारी कामाची पँट कपाटातून काढली. पँटचं बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. तिने डाळ-भात खाल्ला, भाजी खाल्ली, पण प्रत्येक घास असा गिळत होती की जणू कुणी दंड ठोठावलाय. पुढच्या शुक्रवारी अंतर तेवढंच. त्या दिवशी दुपारी तिने अर्धं ताट परत केलं आणि म्हणाली, "भूक नाही." परत तेच सुरू होणार, परत ते लेकरू रात्रंदिवस किरकिरणार.

दुसऱ्या दिवशी सून बाबागाडी घेऊन चालायला गेली. काकूंनी दाराला कडी लावली, पँट काढली, उलटी केली आणि मागच्या शिलाईला ब्लेड लावलं. अर्धा इंच. फक्त अर्धा इंच कापड सोडलं, नवी टीप मारली, इस्त्री फिरवली, जुन्या दोऱ्याचे तुकडे वेचून खिशात घातले. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाला कधी चुकीचं माप सांगितलं नव्हतं. पण हे गिऱ्हाईक नव्हतं ना. हे घरचं माणूस होतं, आणि घरच्या माणसासाठी शहाणी माणसंही काय काय करतात.

शुक्रवारी सून पँट घालून बाहेर आली. "आई! बघा! एक बोट कमी झालं!"

"मग! मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. सून मनापासून जेवायला लागली. सकाळी अंडी, दुपारी भरलं ताट, चार वाजता फळ. पाजायला बसली की हाताशी पाण्याचा तांब्या. समोरचा जिमवाला कसलीशी भुकटी घेऊन आला, दहा दिवसांत पाच किलोची हमी म्हणून, तर तिनेच त्याला दारातून परत पाठवलं. सकाळ-संध्याकाळ चालायची. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग पार बसच्या डेपोपर्यंत, नवऱ्याला चकित करायला. बटण बाळसं धरायला लागलं, मांड्यांना वळ्या पडल्या. नर्सबाई काट्याकडे बघून म्हणाल्या, "आता कसं!" काकूंना मनातून वाटलं की यातलं अर्धं श्रेय त्यांच्या ब्लेडचं आहे, आणि त्या आणखी अर्धा इंच सोडायला मोकळ्या झाल्या. मग आणखी अर्धा. आणि मग शेवटचा. दोन महिन्यांत चारदा. आत सोडलेलं कापड तिथे संपलं, आणि त्याच शुक्रवारी काज बटणावर अलगद बसलं. सुनेने काकूंना उचलून गरकन फिरवलं. काकूंना चक्कर आली, ती काही फिरवल्यामुळे नव्हे.

सोमवारी काकू कुणाच्या तरी झग्याला गळा लावत होत्या. शेजारच्या खोलीत सून फोनवर बोलत होती. साइटवरचा साहेब होता.

"नाही साहेब, महिनाभर सवलत नको. तुम्ही विचारलंत हेच खूप झालं. मी तारखेला चढणार. त्या बदली माणसाला तारखेपासून मोकळं करा, बिचाऱ्याला दुसरीकडे बोलावतायत ना? हो, खात्रीने. पँट बसली मला. म्हणजे… हो, वजन उतरलं."

काकूंचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला. साहेबाने महिन्याची सवलत देऊ केली होती आणि ही नको म्हणाली, ती त्यांच्या चार टिपांच्या भरवशावर. गळ्याची पट्टी सुईखाली तशीच टाकून त्या उठल्या.

"मी उसवलीय ती," त्या दारात उभं राहून म्हणाल्या.

"काय?"

"पँट. दर वेळी अर्धा इंच. एकूण दोन इंच. तू जेवावंस म्हणून."

सुनेने पँट आणली, उलटी केली आणि खिडकीशी धरली. जुन्या शिलाईच्या भोकांची बारीक रांग उजेडात स्पष्ट दिसत होती. तिने तिच्यावरून बोट फिरवलं. ओरडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. तिने बटणाला काकूंच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि औषधाच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन आली.

"साडेपंचाण्णव," आल्यावर ती म्हणाली. "साडेतीन किलो राहिलेत आणि चार आठवडे आहेत."

साहेबाला परत फोन केला तर त्याने कपाळाला हात लावलेला इकडे ऐकू आला. बदली माणसाला त्याने तारखेपासून मोकळं केल्याचं तासाभरापूर्वीच कळवून टाकलं होतं. आता तारखेला चढ, नाहीतर मिळेल त्याला बसवतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"मला शिव्या दे," काकू म्हणाल्या.

सून पलंगावर बसली. "शिव्या काय द्यायच्या? आई, वरून मला वजन कळत नाही. खाली गठ्ठा बांधणारा माणूस मला सांगतो, एवढे किलो आहे. मीटर आहे माझ्याकडे, पण तो उचलल्यावर बोलतो. उचलायच्या आधी माझ्याकडे फक्त खालच्याचा शब्द असतो. त्याने मला बरं वाटावं म्हणून कमी सांगितलं, तर क्रेन कलंडते. माझ्यासकट."

बेचाळीस वर्षांत कुणी त्यांच्या मापावर बोट ठेवलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, आणि नंतर सगळ्यांना वाढायला बाहेर आल्या, कारण जेवायची वेळ झाली होती.

आणि इथे या बाईचं मोठेपण बघा. काकूंची खात्री होती की आता ही ताट भिरकावणार, उपाशी राहणार, साडेतीन किलोंसाठी जिवाचं रान करणार. दुसरी कुणीही असती तर तेच केलं असतं. सून ताटावर बसली आणि होतं तेवढं सगळं जेवली. त्या दिवशी काकूंशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "अंडं जरा कमी उकडा, रबर होतंय." काकूंनी देवाचे आभार मानले.

मग ती पाच मजल्यांचा जिना चढायला लागली. बटण झोपलं की एक फेरी, उठायच्या आत दुसरी. मुलगा कामावरून आला की तिच्या मागे धापा टाकत चढायचा आणि तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसकण मारायचा. "तू पुढे हो, मी इथे थांबा घेतो," म्हणायचा. पण अंग काही जिद्दीला भीक घालत नाही. ते आपल्या चालीने, आठवड्याला अर्धा, फार तर पाऊण किलोने उतरत राहिलं. बटणाचे दूध पिण्याचे घोट मोठे होत गेले, आणि तिने दिवसाची ताटली कधी हलकी केली नाही.

ठरलेला सोमवार उजाडला. बटण आता वाटीतलं चमचाभर खायला लागलं होतं, पण पोटभर म्हणजे आईचंच. म्हणून त्याला घेऊन काकूही साइटवर गेल्या. पत्र्याच्या ऑफिसबाहेर काटा ठेवला होता, सिमेंटच्या पोत्यांचं वजन करायचा, रुंद आणि चपटा. गवंडी, सळ्या बांधणारे, वीजवाले सगळे काही ना काही निमित्त काढून तिथेच घोटाळत होते. सुनेने बूट घातले, हेल्मेट घातलं, पट्टा चढवला, वॉकीटॉकी अडकवली, पाण्याची बाटली आणि डबा पाठीवरच्या पिशवीत टाकला, आणि काट्यावर उभी राहिली. पट्ट्याची कडी आणि पिशवीचे बंद पुढे आल्याने तिला पायाशी असलेला आकडा दिसेना.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही सांगा किती."

सगळ्यांना सोडून तिने काकूंनाच विचारलं. काकू बटणाला कडेवर घेऊन वाकल्या. त्यांना वाटलं, हा आकडा आपल्याला बदलता आला असता तर एक अख्खा दिवस नाही, आयुष्यातलं एक वर्ष दिलं असतं.

"एकशे एक," त्या म्हणाल्या. "आणि वर तीनशे ग्रॅम."

कुणीतरी च्च् केलं. साहेब ऑफिसातून बाहेर आला, आकडा बघितला आणि हात झटकले. "एवढंच ना! बाटली आणि डबा खाली ठेव. तीन किलो गेले. अठ्ठ्याण्णव. चढ वर, सळ्या कधीच्या पडून आहेत."

काकूंच्या तोंडातून निघून गेलं, "ठेव गं. मी दुपारी देते तुला डबा."

सून काट्यावरून उतरली. तिने बाटली काढली नाही. "मी पाच तास वर असते, साहेब. पाजणारी बाई आहे मी. पाण्याशिवाय आणि चार घासांशिवाय दहा वाजता माझे डोळे फिरतील, आणि तेव्हा तुमच्या माणसांच्या डोक्यावर दोन टन लोंबत असतील. मला चढवायचं तर डबा-पाणी धरून चढवा."

"अगं, मग पिशवी नंतर दोरीने वर घे! कोण बघतंय?"

"उतरताना ते सगळं माझ्या पोटात असणार ना. आणि पट्टा बघतोय," ती म्हणाली. "मला तीन आठवडे लागतील. तोवर मी खाली उभी राहून इशारे देते, तुम्ही वर कुणालाही बसवा. तो माझ्यापेक्षा बरा निघाला तर त्यालाच ठेवा."

साहेब खूप बोलला. त्याला वाटलं होतं की तिच्यावर उपकार करतोय, आणि उपकार नाकारला की माणसाला चीड येतेच. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती तशीच उभी होती, नऊ वर्षांची जागा हातातून जाताना दिसत असून. अर्ध्या इंचाला विकल्या गेलेल्या आपण, आणि ही सव्वा किलोलाही विकली जात नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाजेहून जास्त त्यांना अभिमान वाटला. ही आपल्या घरची आहे, हे त्या साहेबाला, गवंड्यांना आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला ओरडून सांगावं असं त्यांना वाटलं. त्यांनी ते फक्त पहारेकऱ्याला सांगितलं.

तीन आठवडे ती धुळीत उभी राहून दुसऱ्याला इशारे देत होती. वर आणून बसवलेला माणूस वाईट नव्हता, पण गठ्ठा ठेवायला इतका वेळ लावायचा की गवंड्यांचे दोन-दोन चहा व्हायचे, आणि साहेब घड्याळाकडे बघून स्वतःशीच पुटपुटायचा. ती मात्र त्या माणसाबद्दल एक शब्द वाईट बोलली नाही. उलट वारा कुठून येतो आणि दुपारी काचेवर ऊन कसं चमकतं, ते त्याला समजावून सांगितलं. दर दुपारी काकू बटणाला घेऊन यायच्या, ऑफिसच्या कोपऱ्यात चादर आडवी धरायच्या, आणि सून एका हाताने डबा खात, दुसऱ्या हाताने लेकराला धरून पाजायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काट्याने नव्व्याण्णव आणि वर आठशे ग्रॅम दाखवले. डबा-पाणी धरून. साहेबाने आकडा दोनदा वाचला आणि शिडीचं कुलूप काढलं.

काकू मान मागे टाकून बघत राहिल्या. एवढी थोरली बाई शिडीवर बघता बघता तळहाताएवढी झाली, मग बोटाएवढी, मग काचेच्या खोलीचं दार लागलं आणि ती दिसेनाशी झाली. मग क्रेनचा तो लांब हात हलला, सळ्यांचा गठ्ठा जमिनीवरून उठला आणि एकही हिसका न बसता वर निघाला. बटणाला यातलं काही कळत नव्हतं, ते काकूंच्या पदराचं टोक चघळत होतं.

बाराला ती उतरली. तोवर बटणाने रडून आभाळ डोक्यावर घेतलं होतं. काकू धावतच पुढे गेल्या आणि लेकरू तिच्यापुढे धरलं. सुनेने हेल्मेट काढलं, घामाने भिजलेले केस मागे सारले, रडणाऱ्या लेकीच्या टाळूवर ओठ टेकवले आणि ऑफिसच्या नेहमीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली.

"घेते हिला. पण आधी मला वाढा आई," ती म्हणाली. "पोटात कावळे ओरडतायत."